कात्रीतून सुटलेली पंचवीस मिनिटे

१२ फेब्रुवारी २०१० ची रात्र. बर्लिनमध्ये कडाक्याची थंडी होती. तरीही ब्रँडेनबुर्ग दरवाजापाशी लावलेल्या प्रचंड पडद्यासमोर लोक कानटोप्या, मफलर आणि जाडजूड कोट घालून उघड्यावर उभे होते. पडद्यावर एक मूकपट चालू होता, तोही त्र्याऐंशी वर्षांपूर्वीचा आणि अडीच तासांचा. त्याच वेळी तोच चित्रपट त्याच शहरातल्या फ्रीडरिषश्टाट-पालास्ट या थिएटरात बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या प्रेक्षकांसमोर दाखवला जात होता. तिथे पडद्याखाली अख्खा वाद्यवृंद बसला होता आणि फ्रांक श्ट्रोबेल त्याचं संचालन करत होते. फ्रँकफर्टच्या जुन्या ऑपेरागृहातही तोच खेळ सुरू होता आणि ‘आर्टे’ वाहिनी तो घराघरांत पोचवत होती.

चित्रपट होता फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’. नाव ऐकलं नसलं तरी तुम्ही तो थोडाफार पाहिलेला आहे. ‘स्टार वॉर्स’मधला सोनेरी यंत्रमानव सी-थ्रीपीओ याच चित्रपटातल्या यंत्रस्त्रीवरून घडवला गेला. ‘क्वीन’ या बँडच्या ‘रेडिओ गा गा’ गाण्याच्या व्हिडिओत दिसणारं जुनं कृष्णधवल शहर याच चित्रपटातलं आहे. पडद्यावर ढगात घुसणाऱ्या इमारती, त्यांच्या मधून जाणारे पूल, त्या पुलांवरून धावणाऱ्या गाड्या आणि खाली अंधारात राबणारी माणसं दिसली, की तो दिग्दर्शक लांगचं देणं फेडत असतो, त्याला ठाऊक असो वा नसो.

मग इतक्या प्रसिद्ध चित्रपटासाठी लोक थंडीत का उभे राहिले? कारण त्या रात्रीपर्यंत तो पूर्ण पाहिलेली माणसं जगात जवळजवळ उरलीच नव्हती. १९२७ सालीच त्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग कापून टाकला गेला होता. तो कायमचा गेला असं सगळे धरून चालले होते. आणि २००८ मध्ये तो सापडला. जर्मनीत किंवा हॉलिवूडमध्ये नव्हे, तर अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात.

आरशातलं शहर

‘मेट्रोपोलिस’चं चित्रीकरण मे १९२५ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर १९२६ पर्यंत चाललं. ‘उफा’ ही जर्मनीची सगळ्यात मोठी चित्रपट कंपनी. तिने या एका चित्रपटावर पन्नास लाख मार्कांच्या आसपास पैसा ओतला. पटकथा लांगची तेव्हाची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. संगीत गोटफ्रीड हुपर्ट्झचं.

कथा अशी. भविष्यातलं एक शहर. वर गगनचुंबी इमारतींत मालकवर्ग राहतो. त्यांच्या मुलांसाठी बागा आहेत, खेळाची मैदानं आहेत. खाली जमिनीच्या पोटात कामगार राहतात आणि दहा-दहा तासांच्या पाळ्यांत यंत्रं चालवतात. त्यांच्या पाळीसाठी दहाच आकड्यांचं घड्याळ आहे. शहराचा सर्वेसर्वा योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर एक दिवस मारिया नावाच्या मुलीला पाहतो आणि तिच्या शोधात खाली उतरतो. तिथे त्याच्या डोळ्यांदेखत यंत्राचा स्फोट होतो. त्याला ते यंत्र माणसं गिळणाऱ्या राक्षसासारखं दिसतं. पुढे रोटवांग नावाचा शास्त्रज्ञ एका यंत्रस्त्रीला मारियाचा चेहरा देतो. ती खोटी मारिया कामगारांना भडकवते. ते यंत्रं फोडतात आणि त्यामुळे त्यांचीच वस्ती पाण्याखाली जायला लागते. मुलं खालीच राहिलेली असतात.

मारिया आणि यंत्रस्त्री या दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म या नवख्या मुलीने केल्या. यंत्रस्त्रीचा पोशाख शिल्पकार वाल्टर शुल्ट्स-मिटेनडोर्फने लाकडाच्या लगद्यासारख्या पदार्थापासून घडवला होता. पडद्यावर तो धातूसारखा चकाकतो, पण आत माणसाला धड बसताही येत नव्हतं.

हे शहर उभं कसं केलं, तेही पाहण्यासारखं आहे. संगणक नव्हते. ऑयगन श्युफटान या छायाचित्रकाराने एक युक्ती काढली होती. कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत आरसा धरायचा. बाजूला इमारतीचं छोटं मॉडेल ठेवायचं, ते आरशात दिसतं. मग आरशाच्या ज्या भागात माणसं हवीत तिथली चांदी खरवडून काढायची. तिथून पलीकडे दूर उभे असलेले खरे नट दिसतात. कॅमेऱ्याच्या डोळ्याला दोन्ही मिळून एकच दृश्य भासतं: महाकाय इमारत आणि तिच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसं. रस्त्यांवरची वाहतूक तर एकेक चित्र घेऊन केलेली. टेबलावरच्या खेळण्यातल्या गाड्या बोटाने किंचित सरकवायच्या, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायच्या. पडद्यावरच्या काही सेकंदांसाठी कित्येक दिवसांची मेहनत.

म्हणजे हे सारं मुळात लहानच होतं. ते मोठं झालं पडद्यावर. मॉडेलची उंची माणसाच्या डोक्याएवढी असेल, पण दोन हजारांहून जास्त खुर्च्यांच्या थिएटरात मान वर करून पाहताना ती इमारत खरोखरच तुमच्यावर झुकते. यातली गंमत ध्यानात घ्या. आपण हाच चित्रपट फोनवर पाहतो तेव्हा त्या शहराला पुन्हा टेबलावरचं मॉडेल करून टाकतो. चित्रपटात एक दृश्य आहे: फ्रेडरसन भिंतीवरच्या एका पडद्यासमोर उभा राहून खालच्या यंत्रघरातल्या मुकादमाशी बोलतो, आणि दोघं एकमेकांना दिसतात. १९२७ साली लोकांनी ‘व्हिडिओ कॉल’ पाहिला तो मोठ्या पडद्यावर. आपण व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर ‘मेट्रोपोलिस’ पाहतो.

कात्री कोणी चालवली?

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनच्या ‘उफा-पालास्ट आम झू’ या थिएटरात पहिला खेळ झाला. चित्रपटाची लांबी होती ४,१८९ मीटर. टीकाकारांची मतं संमिश्र होती. चित्रं थोर, कथा भाबडी, असा साधारण सूर. गर्दीही अपेक्षेएवढी जमेना.

पण कात्रीचं खरं कारण हिशेबाच्या वहीत होतं. ‘उफा’ कर्जात बुडाली होती. १९२५ च्या अखेरीस तिने पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपन्यांकडून चाळीस लाख डॉलरचं कर्ज घेतलं होतं आणि त्या बदल्यात वितरणाचे हक्क देऊन टाकले होते. या करारातून निघालेल्या कंपनीचं नाव ‘पारुफामेट’. अमेरिकेत अडीच तासांचा जर्मन मूकपट कोण बघणार, असा विचार झाला आणि चॅनिंग पोलॉक या नाटककाराला चित्रपट पुन्हा जुळवायला दिला. त्याने कथाच बदलली. पुढे १९२७ मध्येच जर्मनीतही लांबलचक प्रत मागे घेतली गेली आणि चित्रपट आखूड होऊन पुन्हा आला. याच वर्षी ‘उफा’ आल्फ्रेड हुगेनबेर्ग या राष्ट्रवादी वृत्तपत्रमालकाच्या ताब्यात गेली.

काय कापलं गेलं? सगळ्यात मोठा तुकडा एका बाईचा. तिचं नाव हेल. रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं. ती त्याला सोडून फ्रेडरसनची बायको झाली आणि फ्रेडरला जन्म देताना वारली. रोटवांगने आपल्या घरात तिच्या शिराचं अवाढव्य शिल्प उभारलं आहे. तो यंत्रस्त्री बनवतोय ती तिची जागा भरायला. इंग्रजीत ‘हेल’ म्हणजे नरक असा घोटाळा होईल म्हणून अमेरिकी आवृत्तीतून बाईचं नावच उडवलं, आणि नावासोबत ती बाईही गेली. मग उरला तो निव्वळ माथेफिरू शास्त्रज्ञ, ज्याला यंत्रमानव का बनवायचा आहे ते कुणालाच कळत नाही. पुढच्या शेकडो विज्ञानपटांत विस्कटलेल्या केसांचा जो वेडा शास्त्रज्ञ येतो, त्याच्या मूळपुरुषाचं वेड कात्रीने दिलेलं होतं. मूळ चित्रपटात तो दुःखाने पोखरलेला माणूस होता.

दुसरा तुकडा एका कामगाराचा. त्याचा क्रमांक ११८११, नाव गेओर्गी. फ्रेडर त्याची पाळी स्वतः उचलतो आणि त्याला आपले कपडे देऊन वर पाठवतो. आखूड आवृत्तीत हा कामगार इथेच जवळपास नाहीसा होतो. पूर्ण आवृत्तीत तो मालकाच्या मुलाच्या गाडीत बसतो, खिशात नोटा सापडतात, खिडकीतून शहर दिसतं आणि तो ‘योशिवारा’ नावाच्या रंगमहालाकडे वळतो. आयुष्यात पहिल्यांदा हातात पैसा आणि मोकळा वेळ आलेला माणूस. त्याच्या मागावर फ्रेडरसनचा हेर आहे, चित्रपटात त्याला ‘सडपातळ’ एवढंच म्हणतात. हा हेर, गेओर्गी आणि नोकरीवरून काढलेला योसाफाट नावाचा कारकून यांची मिळून एक स्वतंत्र गोष्ट चालते. ती कापल्यावर शहराचा मधला थर गेला आणि वरचे व खालचे एवढेच राहिले.

एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने याच वर्षी ‘मेट्रोपोलिस’ला मूर्खपणाचा नमुना ठरवलं. त्याच्या टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. ‘डोकं आणि हात यांच्यातला दुवा हृदय असायला हवा’ हा चित्रपटाचा बोधच कच्चा आहे. मालक आणि कामगार शेवटी चर्चच्या दारात हात मिळवतात. पगाराचा आणि पाळीच्या तासांचा प्रश्न तसाच राहतो. पुढे लांगनेही या शेवटाबद्दल नापसंती बोलून दाखवली. पण ऐंशी वर्षं या चित्रपटाबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं एका तोडलेल्या चित्रपटाबद्दलचं होतं. वाचलेल्या पानांवरून सबंध पुस्तकाचा निकाल लावावा तसं.

बोटाने धरून ठेवलेला चित्रपट

आता अर्जेंटिना. आदोल्फो विल्सन नावाचा वितरक १९२७ च्या सुमारास बर्लिनमध्ये होता. त्याने चित्रपटाची लांब, न कापलेली प्रत विकत घेतली आणि ब्युनोस आयर्सला नेली. तिथे ती १९२८ मध्ये लागली. नंतर मानुएल पेन्या रोद्रिगेस या चित्रपट समीक्षकाने ती आपल्या खासगी संग्रहासाठी मिळवली. त्याच्याकडून ती सरकारी कलानिधीकडे गेली.

मूळ प्रत होती नायट्रेट फिल्मवर. हा पदार्थ भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटला की पाण्याखालीही जळत राहतो, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. म्हणून १९७० च्या दशकात तिच्यावरून १६ मिलिमीटरची नकल काढली आणि नायट्रेट प्रत नष्ट केली. नकल काढताना कोणी मूळ प्रत साफ केली नाही. चाळीसेक वर्षांत तिच्यावर पडलेला प्रत्येक ओरखडा आणि तेलाचा प्रत्येक डाग नकलेत कायमचा छापला गेला. ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या मानाने १६ मिलिमीटरची चौकट क्षेत्रफळात पाचव्या हिश्शाएवढीही नसते. वर नकलेची चौकट ध्वनिपटाच्या मापाची होती, त्यामुळे चित्राच्या कडाही छाटल्या गेल्या. १९९२ मध्ये ही रिळं ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात आली आणि नोंद होऊन कपाटात बसली.

तिथेच एक अभ्यासक होता, फर्नांदो मार्तीन पेन्या. त्याला एका जुन्या सिनेक्लब चालवणाऱ्याने एक किस्सा सांगितला होता. फार वर्षांपूर्वी ‘मेट्रोपोलिस’ दाखवताना फिल्म प्रोजेक्टरमध्ये उड्या मारत होती, म्हणून त्या माणसाला दोन तासांहून जास्त वेळ बोटाने दाबून ती जागेवर धरावी लागली. ऐकणारे हसले असतील. पेन्या मात्र हिशेब करत बसला. जगात जी आवृत्ती फिरत होती ती इतकी चालतच नव्हती. मग हा माणूस दोन तासांपेक्षा जास्त वेळ बोट धरून बसला कसा?

पेन्याला ती प्रत पाहायला मिळण्यात कित्येक वर्षं गेली. २००८ च्या सुरुवातीला पाउला फेलिक्स-दिदिएर संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या. त्या पेन्याला चांगल्या ओळखत होत्या. दोघांनी रिळं काढून पाहिली आणि जगाने ऐंशी वर्षांत न पाहिलेली दृश्यं समोर आली. फेलिक्स-दिदिएर डीव्हीडी घेऊन बर्लिनला गेल्या. जुलै २००८ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाच्या पुरवणीने बातमी फोडली.

एक गोष्ट विसरू नका. ही प्रत कधी हरवलेली नव्हती. डब्यावर नाव होतं, नोंदवहीत नोंद होती. फक्त तिची लांबी किती, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

जोडणाऱ्यांचा प्रामाणिकपणा

‘मेट्रोपोलिस’ जोडण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. १९८४ मध्ये जॉर्जो मोरोडर या संगीतकाराने त्याला रंग चढवले, मुळातल्या पाट्या काढून तळाशी वाक्यं दिली आणि वर रॉक गाणी घातली. त्यातलं एक गाणं पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं. दीड तासापेक्षाही लहान अशी ती आवृत्ती होती, पण तिच्यामुळे एक अख्खी पिढी या चित्रपटाकडे वळली. म्युनिकच्या एन्नो पाटालास यांनी १९८० च्या दशकात मूळ क्रम शोधून काढायचं चिकाटीचं काम केलं. २००१ मध्ये मुर्नाव प्रतिष्ठानाची पुनर्जुळणी आली. त्याच वर्षी युनेस्कोने या चित्रपटाची ‘जागतिक स्मृती’ यादीत नोंद केली. त्या यादीतला हा पहिला चित्रपट.

गहाळ दृश्यांचा क्रम कळला कसा? दोन गोष्टींमुळे. एक, सेन्सॉरच्या दप्तरातली पाट्यांची यादी. मूकपटात मध्ये मध्ये येणारी सगळी वाक्यं सेन्सॉरकडे लिहून द्यावी लागत. दुसरी, हुपर्ट्झच्या संगीताची पियानोप्रत. तिच्यात हजाराहून अधिक ठिकाणी पडद्यावर त्या क्षणी काय दिसतं ते लिहिलेलं होतं, म्हणजे वादकांचा ताल चुकू नये. कापणाऱ्यांनी चित्र कापलं, पण संगीताच्या कागदावर ते शाबूत राहिलं. अर्जेंटिनाची प्रत आल्यावर तो कागद आणि ते चित्र समोरासमोर ठेवता आलं.

मग आला अवघड प्रश्न. नव्याने मिळालेली पंचवीसेक मिनिटं इतकी खराब होती की चित्रावर सतत पाऊस पडतोय असं वाटावं. संगणकावर ओरखडे पुसता येतात, पण पुसताना चेहऱ्यावरची सुरकुती आणि कपड्याची वीणही पुसली जाते. काम करणाऱ्यांनी जेवढे पुसता आले तेवढे पुसले आणि बाकीचे राहू दिले. जिथे कडा छाटल्या गेल्या होत्या तिथे चित्र ओढून मोठं केलं नाही, काळी पट्टी सोडली. दोन प्रसंग तिथेही मिळाले नाहीत: चर्चमधल्या भिक्षूचं प्रवचन, आणि फ्रेडरसन व रोटवांगची झटापट. तिथे पाटी येते आणि काय घडलं ते सांगते.

म्हणून आज हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहताना विलक्षण काहीतरी घडतं. एक दृश्य लख्ख असतं, इतकं की ब्रिगिटे हेल्मच्या पापण्या मोजाव्यात. पुढच्या क्षणी चित्र लहान होतं, धूसर होतं, रेघांनी भरून जातं. गेओर्गी गाडीत बसून शहराकडे पाहतोय ते त्या रेघांआडून. फोनवर हा फरक ‘नेटवर्क गेलं वाटतं’ इतकाच जाणवेल. चाळीस फुटी पडद्यावर तो जखमेच्या व्रणासारखा दिसतो. कुठे कात्री लागली होती ते बोट ठेवून दाखवता येतं. वाद्यवृंद मात्र थांबत नाही. हुपर्ट्झचं संगीत लख्ख आणि धूसर दोन्ही भागांवरून सारखंच वाहत राहतं.

शेवटाकडे पाणी चढत जातं आणि मुलं जिन्यावरून वर धावतात. हा भाग आता मोठा झाला आहे. वर लोखंडी जाळी आहे, ती उघडत नाही, खालून पाणी येतंय आणि मुलं एकमेकांवर लोटली जाताहेत. आखूड आवृत्तीत मुलं चटकन वाचतात. इथे ती खरोखर अडकतात. मालक-कामगारांच्या हस्तांदोलनाचा शेवट आपल्याला पटो न पटो, ते हस्तांदोलन किती मुलांचा जीव पणाला लागल्यावर झालं, हे आता दिसतं.

बेळगाव, पुणे

‘मेट्रोपोलिस’ची पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बूच्या चरित्रात एक मराठी नाव आहे. आयी गणपत तेंडुलकर. बेळगावजवळच्या बेळगुंदीचा हा तरुण बर्लिनमध्ये पत्रकारिता करत होता. १९३३ मध्ये लांग आणि हार्बू यांचा घटस्फोट झाला. लांगने त्याच वर्षी जर्मनी सोडली. हार्बू राहिली, नाझी पक्षाची सदस्यही झाली, आणि त्याच काळात तिने या हिंदी माणसाशी गुपचूप लग्न केलं. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर मायदेशी परतले. पुढे गांधीजींच्या साक्षीने त्यांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी ही सारी हकिगत पुस्तकात सांगितली आहे. हार्बू १९५४ मध्ये गेली. बर्लिनमध्ये तिच्याच एका जुन्या मूकपटाचा खेळ होता, ती पाहुणी म्हणून आली होती, बाहेर पडताना पडली आणि त्या दुखापतीतून उठली नाही.

दुसरा धागा प्रभातचा. १९३३ मध्ये व्ही. शांताराम ‘सैरंध्री’ हा रंगीत चित्रपट प्रक्रियेसाठी जर्मनीला घेऊन गेले. तिथल्या कॅमेऱ्याच्या आणि प्रकाशयोजनेच्या शैलीची छाया पुढे ‘अमृतमंथन’मध्ये स्पष्ट दिसते. तो ‘सैरंध्री’ आज कुठे आहे? कुठेच नाही.

ही यादी लांबवता येईल. ‘आलम आरा’ हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले हाताच्या बोटांवर चारदा मोजावेत इतकेही शिल्लक नाहीत, आणि जे आहेत त्यांतले पुष्कळ तुकड्यांत आहेत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा अर्धाच सापडतो, आणि ती रिळंही १९१७ मध्ये त्यांनी पुन्हा बनवलेल्या आवृत्तीची असावीत असं अनेक अभ्यासक मानतात. जुनी कृष्णधवल फिल्म भंगारात जायची, कारण तिच्यातून चांदी निघायची. एखाद्या चित्रपटाची किंमत अशी वजनावर ठरली. जे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचलं ते पी. के. नायर या एका माणसाच्या ध्यासाने. १९६४ मध्ये संस्था सुरू झाल्यापासून ते गावोगाव फिरून डबे गोळा करत राहिले. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. आणि तरी जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट रिळं ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि जमवलेल्यातलं बरंच काही राख झालं.

जर्मनीकडे पैसा होता म्हणून ‘मेट्रोपोलिस’ वाचला, असं म्हणणं सोपं आहे. पण नीट पाहिलं तर जर्मनीने स्वतःची प्रत सांभाळलीच नव्हती. चित्रपट वाचला तो एका वितरकाच्या खरेदीमुळे, एका समीक्षकाच्या संग्राहक वृत्तीमुळे, एका सिनेक्लबवाल्याच्या दुखऱ्या बोटामुळे आणि त्या बोटाचा हिशेब करणाऱ्या अभ्यासकामुळे. यांतल्या कुणाकडेही फारसा पैसा नव्हता. पैसा लागला तो सापडल्यानंतर.

मराठी मूकपट आणि सुरुवातीचे बोलपट सिंगापूरपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत कुठे कुठे दाखवले गेले असतील, कुणाच्या गोदामात, फिरत्या टॉकीजवाल्याच्या नातवाच्या माळ्यावर एखादा गंजलेला डबा असेलही. तो उघडू नका, उन्हात ठेवू नका, भंगारवाल्याला देऊ नका, घरात विस्तवाजवळ तर अजिबात नको. संग्रहालयाला कळवा. डब्यावरचं नाव ओळखीचं निघालं, ‘हा तर आहेच आपल्याकडे’ असं कुणी म्हणालं, तरी आत किती फूट फिल्म आहे एवढं मोजून घ्यायला सांगा.